'देव नसेल तर पाप-पुण्य ठरवायचं कुणी?' असं मुलांनी विचारलं तर

कराडला माझ्या घरी शनिवारी संध्याकाळी अकरावी-बारावीची दहा-बारा मुलं जमतात. वर्षातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, "बाई, देव नसेल तर पाप-पुण्य ठरवायचं कुणी?" लगेच दुसरं कुणी म्हणतं, "ज्याचं त्याचं मत." मग दोन तट पडतात आणि नुसता गोंगाट होतो. शाळेत शिकवत असताना कितीतरी वर्षं हा वाद माझ्या हातून असाच वाया गेला. आता कसा घेते ते सांगते. घरात नातवंडांशी बोलायचं असेल तरी हेच चालेल.

देव आहे की नाही, हे आधी काढू नका. आधी एक प्रसंग समोर ठेवा, आणि तो आजच्या राजकारणातला नको. मुलं लगेच आपापल्या बाजूला जाऊन बसतात. मी ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या 'युथिफ्रो' या संवादातली गोष्ट सांगते. नॅक्सोस बेटावरच्या शेतात एक मजूर दारूच्या नशेत घरच्या गुलामाला ठार मारतो. मालक त्याचे हातपाय बांधून त्याला चरात टाकतो आणि आता काय करायचं हे धर्माधिकाऱ्याला विचारायला अथेन्सला माणूस धाडतो. तो माणूस परत येईपर्यंत मजूर भुकेनं आणि थंडीनं मेलेला असतो. मालकाचा मुलगा युथिफ्रो बापावरच खुनाचा खटला भरतो. नातलग म्हणतात, बापावर खटला भरणं हेच पाप. तो म्हणतो, देवाधर्माचं मला नेमकं ठाऊक आहे.

इथे थांबा. "मालकाचं चुकलं का?" एवढंच विचारा आणि उत्तर कागदावर लिहून घ्या. तोंडी विचारलंत तर एका हुशार मुलामागे बाकीची जातात. माझ्याकडे आजवर जवळजवळ सगळ्यांनी 'चुकलं' असंच लिहिलंय, देव मानणाऱ्यांनी आणि न मानणाऱ्यांनीही. मग विचारा, मालक तर धर्म काय सांगतो हेच विचारून घेत होता, चुकलं कुठे? गुऱ्हाळवाल्याची एक मुलगी म्हणाली, "बाई, विचारायला माणूस धाडला, पण त्याला पाणी द्यायला कुणी गेलं नाही." मी त्यावर काहीच बोलले नाही. तुम्हीही अशा वेळी बोलू नका.

आता दोन्ही तटांना एकेक अवघड प्रश्न घाला. देव मानणाऱ्यांना त्याच संवादात सॉक्रेटिसनं युथिफ्रोला विचारलेला: देवाला आवडतं म्हणून ते चांगलं, की चांगलं आहे म्हणून देवाला आवडतं? पहिलं धरलं, तर त्या मजुराला उपाशी मारणं देवाला आवडलं असतं तर तेही चांगलंच ठरलं असतं. दुसरं धरलं, तर चांगलं हे देवाच्या आवडीआधीच चांगलं होतं. कुणी म्हणेल, देवाचा स्वभावच चांगुलपणाचा, त्यामुळे हा पेच पडत नाही. हे उत्तर मोठमोठ्या ख्रिस्ती तत्त्वचिंतकांनी दिलेलं आहे, ते पळवाट म्हणून उडवून लावू नका. मी स्वतः रोज पूजा करते, एकादशी धरते, हे मुलांना आधीच सांगून टाकते.

'ज्याचं त्याचं मत'वाल्यांना मी माझ्या आत्याआजीबद्दल सांगते. माझ्या वडिलांची आत्या, चौदाव्या वर्षी विधवा झालेली. मी लहान असताना ती सत्तरीला आली होती. लाल आलवण, पदर कपाळावर ओढलेला. महिन्यातून एकदा न्हावी मागच्या दारानं येई. ती गोठ्याशेजारी पाटावर बसे आणि आम्हा मुलांना माळ्यावर पिटाळत. मी एकदा फटीतून पाहिलं. तिनं डोळे मिटले होते आणि दोन्ही हातांनी पाटाच्या कडा घट्ट धरल्या होत्या. ज्या काळात, ज्या समाजात विधवेचं डोकं भादरणं सुरू झालं, तिथे ते बरोबरच मानलं जाई. मग ते बरोबर होतं का? "तेव्हा बरोबर होतं," असं म्हणता म्हणता मुलं अडखळतात. अडखळू द्या.

मग आगरकर आणि फुले. आगरकर आमच्या तालुक्यातल्या टेंभूचे, जन्म १८५६. देव न मानणारे. १८८८ मध्ये सुरू केलेल्या 'सुधारक'मधून ते केशवपनावर तुटून पडले. जोतीरावांची निर्मिकावर श्रद्धा. सगळी माणसं त्यानं सारखी घडवली, असं ते मानत. त्यांनी १८६३ मध्ये विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज. एक विवेकाच्या वाटेनं आला, एक निर्मिकाच्या, आणि दोघंही त्या पाटापाशीच पोचले. केशवपन हवंच म्हणणारेही धर्माचंच नाव घेत होते, हेही सांगा.

तुमचं मत विचारतीलच. लपवू नका, पण शेवटी सांगा. मी म्हणते, चांगल्या-वाईटाचं माप देवानंच दिलंय असं मी मानते. पण ते मला आयतं वाचता येत नाही, चरातल्या माणसाकडे पाठ फिरवून तर नाहीच.

आणि घरातली गोष्ट सांगणार असाल तर ती पुरती माहीत करून घ्या, कारण मुलं खोदून विचारतात. "आत्याआजीला स्वतःला काय वाटायचं?" हा प्रश्न मला दरवर्षी येतो. तिला ती देवाचीच आज्ञा वाटे, हे मी खरं सांगते. आणि वडिलांकडून ऐकलेलंही सांगते. माझ्या जन्माआधी घरातली धाकटी काकू विधवा झाली. तेराव्यानंतर थोरल्यांनी न्हाव्याला निरोप धाडला. आत्याआजीनं मागचं दार लावलं, त्याला पाट टेकवला आणि जपाची माळ घेऊन दिवे लागेपर्यंत तिथेच बसून राहिली.