स्कॅन झालं म्हणजे दप्तर जपलं असं नाही: संस्थांनी या चुका टाळाव्यात

अमृतमहोत्सव किंवा शताब्दी जवळ आली की संस्थेच्या बैठकीत एक ठराव हमखास होतो, जुनं दप्तर स्कॅन करून घ्यायचं. कोटेशनं मागवली जातात, पानामागे दर ठरतो, दोन मुलं कपाटाशेजारी बसून पानं उलटतात आणि शेवटी एक हार्डडिस्क कार्यवाहांच्या हाती येते. ती कपाटात जाते. काही वर्षांनी कोणाला तरी १९६२ सालचा एक ठराव हवा असतो. डिस्क जोडली तर आत 'नवीन फोल्डर', त्यात आणखी एक 'नवीन फोल्डर' आणि 'स्कॅन०००१'पासून पुढे हजारो चित्रं. इतिवृत्त कुठलं आणि पगारपत्रक कुठलं, उघडून पाहिल्याशिवाय कळायला मार्ग नाही. मग लेखनिक उठतात आणि कागदाचा गठ्ठाच सोडतात.

शाळा, महाविद्यालयं, ग्रंथालयं, पतसंस्था, न्यास, सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच दिसतं. कागद दुर्लक्ष सोसतो. कोरड्या कपाटात पन्नास वर्षं कोणी हात लावला नाही तरी तो वाचता येतो. संगणकावरची फाइल दुर्लक्षानंच मरते, म्हणून तिची जबाबदारी नावानिशी कोणावर तरी असावी लागते. खालच्या बहुतेक चुका ती कोणावरच नसल्यामुळे होतात.

यादीशिवाय स्कॅनिंग सुरू करणं

स्कॅनरला हात लावण्याआधी एक साधा तक्ता करा. दप्तराचा प्रकार, रजिस्टरचा क्रमांक, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, पानं किती, लिपी कोणती, मूळ कागद कोणत्या कपाटात कितव्या फळीवर, स्कॅन कोणी व कधी केलं. एवढे रकाने पुरतात. फाइलचं नाव याच तक्त्यातून आलं पाहिजे: आधी प्रकार, मग रजिस्टर क्रमांक, मग वर्ष-महिना-दिवस या क्रमानं तारीख, शेवटी पान. तारीख वर्षापासून लिहिली की फाइली आपोआप कालक्रमानं लागतात. दिवसापासून लिहिली तर १ जानेवारी १९५० आणि १ जानेवारी १९९० शेजारीशेजारी येतात.

'इतकं कोण शोधणार आहे?' असं पुष्कळदा ऐकू येतं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं, तेव्हा कुणबी नोंदी शोधण्यासाठी शाळांची जुनी जनरल रजिस्टरं, गावचे नमुने आणि कोतवाल बुकं (गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या) राज्यभर पुन्हा उघडली गेली. त्यातलं बरंचसं मोडीत होतं. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी मुलाचं नाव दाखल करताना गुरुजींनी भरलेल्या एका रकान्यावर आज कोणाचं तरी प्रमाणपत्र अवलंबून असतं. कोणत्या कागदाची गरज कधी पडेल हे आपण ठरवू शकत नाही. तो सापडेल की नाही, एवढं मात्र आपल्या हातात असतं.

मोडी कागदांच्या बाबतीत यादी आणखी महत्त्वाची. छापील देवनागरी संगणकाला बऱ्यापैकी वाचता येते. मोडी हस्ताक्षर त्याच भरवशावर सोडू नका. एखाद्या मोडीवाचकाला बसवून प्रत्येक कागदाचा निदान विषय, गाव आणि तारीख लिहून घ्या. पूर्ण लिप्यंतर नंतर झालं तरी चालेल.

मराठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये तसाच पडू देणं

ही चूक सर्वांत महागात पडते आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. साधारण १९९० ते २०१० या काळात संस्थांचं मराठी काम श्रीलिपी, आकृती, सी-डॅकच्या आयएसएममधले फॉन्ट किंवा कृतीदेव यांत झालं. या फॉन्टमध्ये 'क' हा संगणकासाठी 'क' नसतोच. रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर वार्षिक अहवालाच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक रांगोळी दिसते. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्याच्या फॉन्टमध्येही वाचता येत नाही. फॉन्ट असला आणि मजकूर नीट दिसला तरी त्यात शोध चालत नाही, कारण शोधणारा युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या संगणकांच्या समान अक्षर-संकेतांत, टाइप करतो.

उपाय आहे. त्या फॉन्टसाठी योग्य असलेल्या परिवर्तकातून (कन्व्हर्टरमधून) फाइल युनिकोडमध्ये आणा आणि माणसाकडून वाचून घ्या. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं इथे परिवर्तक हमखास अडखळतात. पैशांचे आकडे आणि आडनावं दोनदा तपासा. मूळ फाइल पुसू नका, तिच्या शेजारी ज्या फॉन्टमध्ये ती लिहिली त्याचं नाव आणि एक छापील प्रत ठेवा. संस्थेच्या कोणत्या तरी जुन्या संगणकावर तो फॉन्ट अजून असेल तर तो संगणक भंगारात देण्याआधी हे काम उरका.

युनिकोडमध्ये आलं म्हणजे संपलं, असंही नाही. 'शेतकऱ्यांना' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्ता असलेला 'ऱ' असतो. दुसऱ्यात साधा 'र', हलंत आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारा एक जोडचिन्हाचा संकेत असतो: 'शेतकर्‍यांना'. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. 'ॲड.' आणि 'अॅड.' यांचंही तेच. एकात 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर आहे, दुसऱ्यात 'अ'वर चंद्र दिलेला आहे. सभासदांच्या यादीत एखादे वकील सापडत नाहीत, म्हणून ते सभासदच नव्हते असा निष्कर्ष निघू शकतो. संस्थेनं एक पद्धत ठरवावी, जुन्या याद्यांमध्ये शोधा-बदला करून ती लागू करावी आणि नव्या लेखनिकाला पहिल्याच दिवशी सांगावी.

जागा वाचवायला प्रत दाबणं (कॉम्प्रेस करणं)

मूळ स्कॅन टिफ या चित्र-प्रकारात, छापील पानाला निदान ३०० डीपीआय (इंचामागे ३०० ठिपके), पुसट हस्ताक्षराला ४०० किंवा त्याहून जास्त. वापरासाठी हलकी पीडीएफ वेगळी करा. ३०० डीपीआयला ए-फोर आकाराचं एक रंगीत पान न दाबता सुमारे २६ एमबी होतं. म्हणजे दहा हजार पानं साधारण २६० जीबी, एका साध्या डिस्कवर मावतील एवढी. एवढ्यासाठी मूळ प्रतच दाबण्यात शहाणपण नाही.

दाबण्यातला धोका फक्त अस्पष्टतेचा नसतो. २०१३ मध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञानं दाखवून दिलं की झेरॉक्सची काही यंत्रं स्कॅन करताना आकडेच बदलत होती. इमारतीच्या नकाशावर खोल्यांची क्षेत्रफळं वेगवेगळी होती आणि स्कॅनमध्ये ती सारखी आली. जेबिग-टू नावाच्या दाबण्याच्या पद्धतीत एकमेकांसारखे दिसणारे ठिपक्यांचे पुंजके एकच समजले जात आणि ६ च्या जागी स्वच्छ, ठसठशीत ८ बसे. अस्पष्ट आकडा असता तर वाचणाऱ्याला निदान शंका आली असती. हजेरीपट, खतावणी, गुणपत्रकं स्कॅन करणाऱ्यांनी हे कायम ध्यानात ठेवावं. दर गठ्ठ्यातली काही पानं मूळ कागदाशी आकड्याला आकडा लावून पाहावीत.

दस्तऐवज मुळातच संगणकावर तयार झाला असेल तर अंतिम प्रत पीडीएफ-ए या जतनासाठीच्या पीडीएफच्या प्रकारात ठेवा. यात फॉन्ट फाइलच्या आतच बसवलेले असतात. वर्ड आणि लिबरऑफिस दोन्हींत ही सोय आहे, निर्यातीच्या वेळी एक खूण करावी लागते.

एकाच इमारतीत, एकाच प्रतीत सगळं ठेवणं

२१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली आणि असंख्य नस्ती जळाल्या. तेव्हा 'सगळं संगणकावर असतं तर!' असं सगळ्यांच्या तोंडी होतं. पण संगणकावर असणं पुरेसं नसतं. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियातल्या डेजॉन इथल्या सरकारी डेटा केंद्राला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या 'जी-ड्राइव्ह' या सामायिक साठ्यातला ८५८ टेराबाइट मजकूर गेला, कारण त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. साधनसामग्रीची कमतरता नसलेल्या देशात हे घडलं.

आपल्याकडे पूर आहे, दमट हवा आहे, वाळवी आहे. तळमजल्यावरचं दप्तर आणि त्याच तळमजल्यावरच्या संगणकातली प्रत दोन्ही एकाच पुरात जातात. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी, हा जुना नियम लहान संस्थेलाही परवडतो. दुसऱ्या गावच्या सहयोगी संस्थेशी अदलाबदल करा: त्यांची डिस्क आपल्याकडे, आपली त्यांच्याकडे. पेनड्राइव्ह आणि सीडी यांना कायमची प्रत समजू नका.

प्रत आहे, एवढं पुरत नाही. ती उघडते का, हे पाहिलं पाहिजे. दरवर्षी लेखापरीक्षणाच्या सुमारास कुठलीही वीसेक फाइली दूरच्या प्रतीतून उघडा आणि उघडल्याची नोंद इतिवृत्तात करा. फाइल तसूभरही बदललेली नाही हे पाहायला एसएचए-२५६ हॅश काढतात. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी हा ६४ चिन्हांचा आकडा पूर्ण वेगळा येतो. विंडोजमध्ये सर्टयूटिल या आज्ञेनं तो मिळतो, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. यादीत त्याचा एक रकाना ठेवा.

संस्थेची कागदपत्रं व्यक्तीच्या खात्यात

संस्थेचा ई-मेल कार्यवाहांच्या खाजगी खात्यावर, फाइली कोषाध्यक्षांच्या ड्राइव्हवर आणि निर्णय व्हॉट्सॲपच्या गटात. कार्यकारिणी बदलते, पासवर्ड जातो, कधी माणूसच जातो. गूगलच्या धोरणानुसार दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं डिसेंबर २०२३ पासून पुसलं जाऊ शकतं. संस्थेच्या नावाचं खातं काढा, पासवर्ड किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे असू द्या आणि पदभार देताना चाव्यांबरोबर त्याचीही नोंद करा. व्हॉट्सॲपवर ठरलेली गोष्ट पुढच्या सभेच्या इतिवृत्तात आली नाही तर ती संस्थेच्या दप्तरात नाही, असंच धरा.

प्रवेश, फी किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर घेतानाही हेच. करार संपल्यावर सगळी माहिती खुल्या स्वरूपात परत मिळेल, हे करारातच लिहून घ्या. वर्षअखेर खतावणी आणि ताळेबंद पीडीएफ-ए मध्ये काढून ठेवा, म्हणजे त्या सॉफ्टवेअरशिवायही वाचता येतील.

स्कॅन झालं म्हणून कागद रद्दीत

असं करू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जतन चालतं, पण अटी आहेत: मजकूर पुढेही वापरता आला पाहिजे, तो मूळ स्वरूपात किंवा मूळाशी तंतोतंत जुळणारा असला पाहिजे आणि कुठून आला, कुठे गेला, कधी, हा तपशील शिल्लक पाहिजे. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक नोंद दाखल करताना १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे आणि त्यासोबतच्या प्रमाणपत्रात हॅशचा आकडा द्यावा लागतो. नाव नसलेल्या स्कॅनच्या ढिगाला हे काहीच जमणार नाही. घटना, नोंदणी प्रमाणपत्र, जमिनीची कागदपत्रं, इतिवृत्तं, जनरल रजिस्टर यांचे मूळ कागद कायम ठेवा. बाकीच्यांची मुदत ठरवा, नष्ट करण्याचा ठराव करा, नष्ट केल्याची यादी ठेवा.

संकेतस्थळावर जुनं दप्तर टाकताना आधार क्रमांक, जात, पत्ते उघडे पडत नाहीत ना, हेही पाहा.

बिघडलेलंच असेल तर

डिस्क टकटक आवाज करत असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू करू नका आणि दुरुस्तीचे प्रोग्रॅमही चालवू नका. बंद करून जाणकाराकडे न्या. पाण्यात भिजलेली डिस्क वीज न लावता तशीच न्यावी. जुनी सीडी वाचली जात नसेल तर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा. पुष्कळदा तेवढ्यानं काम होतं. वाचली गेली की आधी संपूर्ण सीडीची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी अखंड प्रत, उतरवून घ्या, फाइली निवडत बसू नका.

नावं नसलेले हजारो स्कॅन असतील तर पुन्हा स्कॅन करू नका. दर शंभरावं चित्र उघडून रजिस्टर कुठे बदलतं ते शोधा, मग त्या दोन टोकांमधली हद्द नक्की करा. ढोबळ यादी अशीच तयार होते. पुढच्या टप्प्यासाठी निवृत्त लेखनिकांना आणि जुन्या मुख्याध्यापकांना बोलवा. १९७० च्या दशकातलं अक्षर कोणाचं, 'किरकोळ' लिहिलेल्या बाडात खरं काय आहे, हे त्यांना पान पाहताच कळतं. त्यांनी सांगितलेलं तिथल्या तिथे यादीत चढवा आणि कोणी, कधी सांगितलं ते शेऱ्याच्या रकान्यात लिहा.