सिलिंडर हेड आणि कॉम्प्रेशन रेशो: आधी मोजा, मग ठरवा

इंजिन बांधायला घेतलेला माणूस पहिल्यांदा विचारतो, ‘कॉम्प्रेशन किती ठेवू?’ आणि कुणीतरी लगेच ठोकून देतं, ‘बारा ठेव, काही होत नाही.’ कोणतं इंधन, कोणता कॅम (व्हॉल्व्हची उघडमीट करणारा दांडा), याची साधी चौकशीही नाही. असल्या सल्ल्याला हात जोडावेत. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन सगळ्यात खाली असतानाची जागा तो सगळ्यात वर असतानाच्या जागेच्या किती पट, हा शेवटी ठरवायचा आकडा आहे. आधी इंधन, मग कॅम, मग हेड, आणि उरलेली जुळवाजुळव पिस्टनने. (हे सगळं टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाबद्दल. टर्बोचा हिशोब वेगळा.)

त्या आकड्याचं एवढं कौतुक करण्यासारखंही काही नाही. पुस्तकी हिशोबाने रेशो ९ वरून १० केला की कार्यक्षमता जेमतेम ३ टक्के वाढते, १० वरून ११ ला अडीच टक्के आणि ११ वरून १२ ला दोनाच्या आसपास. म्हणजे जोखीम वाढत जाते आणि फायदा आटत जातो. हवा नीट आत घेणारं हेड याहून कितीतरी जास्त देऊन जातं.

इंधन: जे रोज मिळतं त्याचाच ऑक्टेन (अवेळी पेटण्याला इंधन किती विरोध करतं तो आकडा) धरा.

हेड निवडताना सगळ्यात मोठा पोर्ट (हेडमधली हवेची वाट) घेण्याचा मोह टाळा. पोर्ट इंजिनाच्या मानाने मोठा झाला की हवेचा वेग पडतो, खालच्या आरपीएमला इंजिन मेल्यासारखं वागतं, आणि ज्या वरच्या आरपीएमसाठी हा खटाटोप केला तिथे रस्त्यावरची गाडी क्वचितच पोहोचते. फ्लो बेंचचे (हेडमधून किती हवा जाते ते मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे बघताना दोन गोष्टी तपासा. दोन्ही हेड एकाच दाबावर मोजलेत का? प्रचलित मोजणी २८ इंच पाण्याच्या दाबफरकावर होते; एक हेड २८ वर आणि दुसरं १० वर मोजलं असेल तर ती तुलनाच नव्हे. दुसरं, पूर्ण लिफ्टच्या (व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतानाच्या) आकड्यावर भुलू नका. व्हॉल्व्ह पूर्ण लिफ्टला एकदाच जातो, मधल्या लिफ्टवरून मात्र उघडताना आणि मिटताना दोनदा जातो. सारख्या किमतीच्या दोन हेडांत मी मधल्या लिफ्टला जास्त हवा देणारं घेतो. ॲल्युमिनियमचं हेड उष्णता लवकर बाहेर टाकतं, त्यामुळे नॉकिंगच्या (मिश्रण अवेळी आपोआप पेटण्याच्या) बाबतीत थोडी सवड मिळते. पण ‘ॲल्युमिनियम आहे, बिनधास्त एक पॉइंट वाढव’ हे मला मान्य नाही. अर्ध्याच्या पुढे मी जात नाही.

आता खरं काम. हा टप्पा मला सगळ्यात उशिरा जमला, म्हणून इथे वेळ घालवतो.

चेंबरचं (हेडमधल्या, मिश्रण जळतं त्या खळग्याचं) कॅटलॉगमधलं माप खरं धरू नका. हेड उलटं ठेवा, व्हॉल्व्ह बसवा, जो स्पार्क प्लग वापरणार तोच लावा. कडेला ग्रीसचा पातळ हात फिरवून वर भोक पाडलेली जाड ॲक्रिलिकची पट्टी दाबून बसवा. भोक सगळ्यात उंच बाजूला येईल इतकं हेड किंचित तिरपं करा, नाहीतर एक बुडबुडा पट्टीखाली अडकून बसतो आणि माप खुशाल कमी दाखवतो. मग ब्युरेटने (मापाच्या खुणा असलेल्या तोटीच्या नळीने) रंगीत स्पिरिट सोडा. चेंबर भरल्यावर पातळी हळूहळू उतरत असेल तर व्हॉल्व्ह गळतोय. आधी सीट दुरुस्त करा, मग मोजा. प्रत्येक चेंबर मोजायचा, एक मोजून बाकीचे गृहीत धरायचे नाहीत.

पिस्टनच्या माथ्यावरचे खळगेही असेच मोजायचे. बोअर ८६ मिमी असेल तर पिस्टन ब्लॉकच्या पृष्ठभागापासून बरोबर १० मिमी खाली न्या आणि कडेची फट ग्रीसने बंद करा. सपाट माथ्याला ५८.१ सीसी लागले असते. ६२.१ लागले, तर खळगे ४ सीसीचे. टॉप डेड सेंटरला (पिस्टन सगळ्यात वर पोहोचतो तिथे) पिस्टन ब्लॉकच्या पृष्ठभागापासून किती खाली राहतो ते डायल गेजने पिनच्या रेषेवर मोजा, कारण इतर ठिकाणी पिस्टन डुलतो. गॅस्केटची जाडी दाबल्यानंतरची धरा आणि तिचं भोक बोअरपेक्षा मोठं असतं हे विसरू नका.

आता बेरीज. बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ८६ मिमी, म्हणजे एका सिलिंडरचे ४९९.६ सीसी. चेंबर ४५, गॅस्केट (१ मिमी जाड, भोक ८७ मिमी) ५.९, पिस्टन ०.२ मिमी खाली म्हणून १.२, खळगे ४. एकूण ५६.१ सीसी. ४९९.६ ला ५६.१ ने भागून १ मिळवा: ९.९. कॅटलॉगने चेंबर ४२ सांगितला असता तर कागदावर १०.४ आला असता. तीन सीसीत अर्धा पॉइंट!

पण इंजिनाला हा ९.९ कधी जाणवतच नाही. इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन खाली पोहोचल्यावरही बराच वेळ उघडा असतो, आणि खरं दाबणं तो मिटल्यावर सुरू होतं. वरच्याच इंजिनात, कनेक्टिंग रॉड १४० मिमी धरून, पिस्टन सगळ्यात खाली पोहोचल्यावर क्रँक आणखी ६० अंश फिरून व्हॉल्व्ह मिटला तर प्रत्यक्ष रेशो ८.२ उरतो. ७० अंशांनी मिटला तर ७.६, ४५ ला मिटला तर जवळजवळ ९. म्हणून मोठा कॅम जास्त कॉम्प्रेशन पचवतो, आणि म्हणूनच छोट्या कॅमवर बारा ठेवणारा रडतो. पंचाण्णव ऑक्टेन आणि दोन व्हॉल्व्हचं हेड असेल तर मी हा प्रत्यक्ष आकडा ८ ते ८.३ मध्ये ठेवतो.

कॅमच्या कागदावर व्हॉल्व्ह मिटण्याचे दोन आकडे असतात: एक सीटवर टेकतानाचा, दुसरा साधारण सव्वा मिलिमीटर लिफ्टचा. हिशोबात पहिलाच घ्यायचा. या दोन्हींत २५ अंशांचा फरक सहज असतो, म्हणजे खरा ७.६ असताना हिशोब ९ दाखवेल आणि तुम्ही घाबरून उरलंसुरलं कॉम्प्रेशनही काढून टाकाल.

रेशो जास्त निघाला तर जाड गॅस्केट टाकू नका. कुणीही सांगितलं तरी. पिस्टन आणि हेडच्या सपाट भागातली फट स्टीलच्या रॉडला साधारण १ मिमी हवी. तीच मिश्रण घुसळून नॉकिंग आवरते. ती दीड मिमी झाली की कॉम्प्रेशन कमी होऊनही इंजिन नॉक करतं. कमी करायचं तर खोलगट माथ्याचा पिस्टन घ्या किंवा चेंबर मोठा करा.

वाढवायला हेड प्लेन करत असाल आणि कॅम हेडमध्येच वर असेल, तर हेड खाली आल्याने कॅमचं टायमिंग मागे पडतं. ॲडजस्टेबल पुलीने परत आणा.

व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर मळलेल्या मातीने तपासा: इनटेकला किमान २ मिमी, एक्झॉस्टला अडीच. सगळ्यात कमी अंतर बरोबर टॉप डेड सेंटरला नसतं, थोडं आधी किंवा नंतर असतं, म्हणून क्रँक दोन पूर्ण फेरे हाताने फिरवा.

जुळणीबद्दल वेगळं काही सांगत नाही. पहिल्या जोरदार फेरीनंतर प्लग काढून भिंगाखाली धरा. पांढऱ्या चिनी मातीवर मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा चमकणारे बारीक चंदेरी कण दिसले तर ते नॉकिंगचे. चंदेरी कण तर पिस्टनचंच ॲल्युमिनियम. इग्निशन (ठिणगीची वेळ) दोन अंश मागे घेऊन ते थांबले तर चालवा. पाच-सहा अंश घ्यावे लागत असतील तर टायमिंगशी खेळत बसू नका. हेड उतरवा आणि चेंबर आणखी तीन सीसीने मोठा करा.