ऑटोमन साम्राज्याच्या सीमांवर लिहिताय? या चुका टाळा

ऑटोमन साम्राज्य कसे आकसत गेले हे दाखवणारे रंगीत नकाशे नेटवर ढिगाने मिळतात. १६८३, १८७८, १९१४, १९२३ अशी साले आणि प्रत्येक सालाला एक रंग. स्पर्धा परीक्षांच्या नोट्स, लेख आणि व्हिडिओ याच नकाशांवरून तयार होतात आणि नकाशातल्या चुका जशाच्या तशा पुढे सरकतात. यातल्या बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे. तहात लिहिलेली रेघ, जमिनीवरचा ताबा आणि कागदोपत्री मालकी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, पण आपण त्या एकच धरून चालतो. राज्य भक्कम असते तेव्हा तिन्ही सहसा जुळतात. ते खिळखिळे झाले आणि बड्या सत्ता वाटाघाटीला बसल्या की तिन्ही तीन दिशांना जातात. ऑटोमनांच्या बाबतीत ही अवस्था काही ठिकाणी तीस-चाळीस वर्षे टिकली.

सॅन स्तेफानो आणि बर्लिन एका दमात लिहिणे

'१८७८ च्या तहाने बल्गेरिया निर्माण झाला' हे वाक्य सर्रास दिसते. १८७८ मध्ये तह दोन झाले आणि दोन्हींतला बल्गेरिया वेगळा होता.

रशियाने २४ एप्रिल १८७७ रोजी ऑटोमनांविरुद्ध युद्ध पुकारले. प्लेव्हनाचा (आजच्या बल्गेरियातले प्लेव्हेन) वेढा जुलैपासून डिसेंबरपर्यंत चालला. प्लेव्हना पडल्यावर रशियन फौजा इस्तंबूलच्या वेशीपर्यंत आल्या आणि ३ मार्च १८७८ रोजी सॅन स्तेफानोला तह झाला. (हे गाव म्हणजे आजच्या इस्तंबूलमधले येशिलकोय.) या तहातला बल्गेरिया डॅन्यूबपासून थेट एजियन समुद्रापर्यंत पसरला होता आणि बहुतेक मॅसिडोनिया त्याच्या पोटात होता. नवा बल्गेरिया रशियाच्या मुठीत राहणार असे मानून ब्रिटन आणि ऑस्ट्रिया-हंगेरी बिथरले.

१३ जून ते १३ जुलै १८७८ या महिनाभरात बर्लिनमध्ये बिस्मार्कच्या अध्यक्षतेखाली त्याच प्रदेशाचे तीन तुकडे झाले. बाल्कन पर्वताच्या उत्तरेला सुलतानाला खंडणी देणारे मांडलिक बल्गेरियन संस्थान आले. दक्षिणेला 'पूर्व रुमेलिया' हा स्वायत्त प्रांत सुलतानाच्या अमलाखालीच राहिला. मॅसिडोनिया सरळ ऑटोमन कारभारात परत गेला. त्यामुळे '१८७८ चा बल्गेरिया' असा नकाशा काढताना तो कुठल्या तहाचा हे शीर्षकात लिहाच. सॅन स्तेफानोचा बल्गेरिया प्रत्यक्षात कधीच उभा राहिला नाही. मात्र तो कागदावर होता, आणि पुढच्या बाल्कन युद्धांत त्या कागदाची आठवण फार महाग पडली.

याला जोडून येणारी चूक म्हणजे सगळे निर्णय बर्लिनच्या टेबलावर झाले असे समजणे. बल्गेरिया तोडायचा आणि पूर्वेकडचे कार्स, बातूम रशियाकडे राहू द्यायचे, हे ब्रिटिश परराष्ट्रमंत्री सॉल्झबरी आणि रशियन राजदूत शुवालोव्ह यांनी ३० मे रोजी लंडनमध्येच ठरवले होते. ब्रिटनला सायप्रस बेटाचा ताबा देणारा करार ४ जूनला झाला, तोही परिषद सुरू होण्यापूर्वी. त्याआधी एप्रिलमध्ये ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीने सुमारे ७००० हिंदी सैनिक माल्टाला हलवण्याचा हुकूम दिला होता आणि त्यांची जहाजे मुंबईहून सुटली होती. परिषदेच्या वृत्तांतातून मोठे वाद दिसतात, पण सौद्याचा गाभा त्याआधीच्या या कागदांत आहे. लिहिताना आधी ते लावून घ्या, मग परिषदेकडे वळा.

दर्जा न पाहता प्रदेश रंगवणे

ही सर्वांत नडणारी चूक आहे. एखादा प्रदेश ऑटोमनांच्या 'हातून गेला' असे लिहिण्यापूर्वी तो कोणत्या अवस्थेत गेला हे तपासा. निदान सहा अवस्था वेगळ्या ठेवाव्या लागतात: अंतर्गत स्वायत्तता, खंडणी देणारे मांडलिक राज्य, परक्या सत्तेचा 'ताबा आणि कारभार', संरक्षित राज्य, उघड विलीनीकरण आणि पूर्ण स्वातंत्र्य. बर्लिनच्या एकाच तहात यांतल्या चार सापडतात. सर्बिया, माँटेनेग्रो आणि रुमानिया स्वतंत्र झाले, बल्गेरिया मांडलिक झाला, पूर्व रुमेलिया स्वायत्त झाला आणि बॉस्निया-हर्झेगोविना कलम २५ प्रमाणे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यात व कारभारात गेला.

बॉस्नियात १८७९ च्या करारानुसार शुक्रवारच्या खुतब्यात (नमाजाच्या वेळच्या प्रवचनात) सुलतानाचेच नाव घेतले जात राहिले. जमीन, पोलीस, कर सगळे व्हिएन्नाच्या हाती, पण सार्वभौम सुलतान. ऑक्टोबर १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने प्रदेश विलीन केल्याचे जाहीर केले तेव्हा युरोपात एवढा गदारोळ का उठला, हे १८७८ सालीच बॉस्निया ऑस्ट्रियाच्या रंगात रंगवला तर कळतच नाही. १९०९ मध्ये ऑस्ट्रियाने सरकारी मालमत्तेच्या भरपाईपोटी २५ लाख तुर्की लिरा मोजले ते याच नाममात्र मालकीच्या जोरावर.

सायप्रसचे प्रकरण जवळून पाहण्यासारखे आहे. १८७८ च्या करारात ब्रिटनने सुलतानाच्या आशियाई मुलखाचे रशियापासून रक्षण करण्याची हमी दिली आणि बदल्यात बेटाचा ताबा व कारभार घेतला. बेटाचे वाढावा उत्पन्न सुलतानाला दरसाल द्यायचे होते आणि तो आकडा सुमारे ९२,८०० पौंड ठरला. हे पैसे इस्तंबूलला पोचले नाहीत. क्रिमियन युद्धाच्या काळात, १८५५ मध्ये, ऑटोमनांनी ब्रिटन आणि फ्रान्सच्या हमीवर कर्ज काढले होते. ते थकले होते आणि सायप्रसची रक्कम त्याच्या व्याजापोटी वळती केली जाई. म्हणजे ज्या कर्जाशी सायप्रसच्या शेतकऱ्याचा काडीचा संबंध नव्हता, त्याचे व्याज तो १९२७ पर्यंत भरत होता. ५ नोव्हेंबर १९१४ रोजी ब्रिटनने बेट विलीन केले, १९२३ मध्ये लोझानच्या तहाच्या (पहिल्या महायुद्धानंतर तुर्कस्तानशी झालेला शांतता तह) कलम २० ने तुर्कस्तानने ते मान्य केले आणि १९२५ मध्ये ती रीतसर वसाहत झाली. आता नकाशावर सायप्रसचा रंग कोणत्या साली बदलायचा? १८७८, १९१४, १९२३ या प्रत्येक सालाला आधार आहे. यातले कोणते आणि का निवडले, हे नकाशाच्या सूचीत एका ओळीत सांगा. ताबा आणि मालकी वेगळी असेल तिथे भरीव रंगाऐवजी तिरप्या रेघा वापरणे उत्तम.

इजिप्तलाही हेच लागू होते. १८८२ पासून ब्रिटिश फौज तिथे होती, पण संरक्षित राज्य म्हणून घोषणा १८ डिसेंबर १९१४ ची. तोवर कागदोपत्री इजिप्त ऑटोमनच होते.

सही झाली म्हणजे सीमा ठरली असे मानणे

सही, मंजुरी, जमिनीवर आखणी आणि प्रत्यक्ष हस्तांतर या चार पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर सीमा अडकू शकते.

बर्लिनच्या तहाने प्लाव आणि गुसिन्ये हा डोंगराळ टापू माँटेनेग्रोला दिला. तिथल्या अल्बेनियन लोकांनी प्रिझ्रेन येथे संघटना उभारून हस्तांतराला नकार दिला. ते मार्गी लावायला सुलतानाने मेहमेद अली पाशाला पाठवले. हा जन्माने प्रशियन आणि बर्लिनच्या परिषदेत स्वतः ऑटोमन प्रतिनिधी. सप्टेंबर १८७८ मध्ये जाकोवा (आजच्या कोसोव्हात) येथे जमावाने त्याला ठार मारले. तहावर सही होऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. शेवटी प्लाव-गुसिन्येचा नाद सोडून माँटेनेग्रोला उल्सिन्य हे बंदर देण्याचे ठरले, आणि तेही बड्या सत्तांनी युद्धनौका आणून दबाव टाकल्यावर नोव्हेंबर १८८० मध्ये मिळाले. म्हणून '१८७८ नंतरचा माँटेनेग्रो' तहाच्या मजकुरावरून काढला तर हमखास चुकतो. ग्रीसला थेसली मिळाले ते १८८१ च्या वेगळ्या करारान्वये, बर्लिनच्या तहाने नव्हे.

काही वेळा मजकुरातच रेघ अर्धवट सोडलेली असते. कलम २ मध्ये बल्गेरियाची उत्तर सीमा डॅन्यूबच्या उजव्या काठाने येते आणि सिलिस्त्राच्या पूर्वेला युरोपीय आयोग ठरवील त्या बिंदूवर नदी सोडते. तो बिंदू कुठला, यावरून रुमानिया आणि रशिया यांच्यात तंटा पेटला. त्यामुळे मजकुरात 'आयोग ठरवील' असे दिसले की तिथे थांबा आणि आयोगाने काय ठरवले ते शोधा.

तह मुळातून वाचायचा कंटाळा करू नका. बर्लिनच्या तहात ६४च कलमे आहेत. १ ते १२ बल्गेरिया, १३ ते २२ पूर्व रुमेलिया, २५ बॉस्निया, २६ ते ३३ माँटेनेग्रो, ३४ ते ४२ सर्बिया, ४३ ते ५१ रुमानिया, ५८ रशियाला मिळालेले आशियाई प्रदेश. एका संध्याकाळचे काम आहे.

मंजुरीच्या पायरीवर अडकलेल्या तहाचे ठळक उदाहरण म्हणजे पहिल्या महायुद्धातल्या विजेत्यांनी ऑटोमनांशी केलेला सेव्ह्रचा तह. १० ऑगस्ट १९२० रोजी त्यावर सह्या झाल्या, तुर्कस्तानने तो कधीच मंजूर केला नाही आणि लोझानने त्याची जागा घेतली. सेव्ह्रचा नकाशा 'प्रस्तावित' याच शीर्षकाखाली छापावा.

आजच्या मध्यपूर्वेच्या सगळ्या सीमा सायक्स-पिकोच्या माथी मारणे

मे १९१६ मधल्या ब्रिटन आणि फ्रान्सच्या त्या गुप्त करारात पाच विभाग होते: फ्रान्सच्या थेट कारभाराचा निळा, ब्रिटनचा लाल, पॅलेस्टाइनसाठी आंतरराष्ट्रीय कारभाराचा तपकिरी, आणि प्रभावक्षेत्रे म्हणून फ्रान्सचा 'अ' व ब्रिटनचा 'ब'. हा नकाशा आजच्या नकाशावर ठेवून पाहा. मोसूल 'अ' मध्ये, म्हणजे फ्रान्सकडे आहे. आज ते इराकमध्ये आहे. अदाना निळ्या विभागात आहे. आज ते तुर्कस्तानात आहे. पॅलेस्टाइनला आंतरराष्ट्रीय कारभार लाभलाच नाही, ब्रिटिश मँडेट (राष्ट्रसंघाने सोपवलेला कारभार) आला.

शिवाय हा दाव्यांचा नकाशा होता. बगदाद लाल रंगात रंगले तेव्हा ब्रिटनच्या हाती बगदाद नव्हतेच. उलट २९ एप्रिल १९१६ रोजी, करारपत्रांची देवघेव होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी, हिंदी फौजेच्या सहाव्या पुणे डिव्हिजनने कूत (आजच्या इराकमध्ये) येथे उपासमारीनंतर शरणागती पत्करली होती. बगदाद पडले ११ मार्च १९१७ ला.

प्रत्यक्ष सीमा नंतर एकेक करून ठरल्या आणि प्रत्येकीचा कागद वेगळा आहे. मँडेटची वाटणी एप्रिल १९२० मध्ये सान रेमोला झाली. तुर्कस्तान-सीरिया सीमेचा मोठा भाग २० ऑक्टोबर १९२१ च्या अंकाराच्या करारातला. तिथे चोबानबेयपासून नुसायबिनपर्यंत रेल्वेमार्गच सीमा ठरला आणि रूळ तुर्कस्तानच्या हद्दीत राहिले. मोसूल डिसेंबर १९१८ मध्ये फ्रेंच पंतप्रधान क्लेमांसोने ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्जला तोंडी सोडले. तुर्कस्तानने मात्र दावा सोडला नाही आणि लोझानमध्येही प्रश्न सुटला नाही. राष्ट्रसंघाने ऑक्टोबर १९२४ मध्ये ब्रसेल्स येथे तात्पुरती रेघ आखली, १६ डिसेंबर १९२५ ला मोसूल इराकला दिले आणि ५ जून १९२६ च्या तहाने तुर्कस्तानने ते स्वीकारले. बदल्यात तेलाच्या स्वामित्वधनाचा १० टक्के वाटा २५ वर्षे देण्याचे कलम त्या तहात आहे. ही रेघ बहुतांशी जुन्या मोसूल प्रांताच्या उत्तर हद्दीने जाते. 'पट्टीने ओढलेल्या सीमा' हे वर्णन सीरिया, जॉर्डन आणि इराक यांच्यामधल्या वाळवंटापुरते ठीक आहे; उत्तरेला रूळ, डोंगर आणि जुन्या प्रांतांच्या हद्दी आहेत.

तारखा आणि गावांची नावे

रशियन, बल्गेरियन आणि ग्रीक कागदांतल्या तारखा जुन्या (ज्युलियन) पंचांगाच्या असतात. १९व्या शतकात फरक १२ दिवसांचा, मार्च १९०० पासून १३ दिवसांचा. सॅन स्तेफानोची तारीख रशियन कागदावर १९ फेब्रुवारी दिसली तर घाबरू नका. बल्गेरिया आणि पूर्व रुमेलिया १८८५ मध्ये एक झाले ते ६ सप्टेंबर की १८ सप्टेंबर, हा गोंधळही त्यातलाच. बल्गेरियाने नवे पंचांग १९१६ मध्ये आणि ग्रीसने १९२३ मध्ये घेतले. तुर्की लेखनात १८७७-७८ च्या युद्धाला '९३ चे युद्ध' म्हणतात, कारण ऑटोमन सरकारी (रूमी) सन १२९३ होता. भाषांतर करताना ते १८९३ होते, जपा.

गावांचे जुने आणि आजचे नाव पहिल्या उल्लेखाला दोन्ही द्या: अॅड्रियानोपल म्हणजे एदिर्ने, फिलिपोपोलिस म्हणजे प्लोवदिव, मोनास्तिर म्हणजे बितोला, अलेक्झांड्रेटा म्हणजे इस्केंदेरून.

लोकसंख्येच्या अदलाबदलीत भाषा शोधणे

३० जानेवारी १९२३ च्या ग्रीस-तुर्कस्तान करारात कोणाला हलवायचे याचा निकष धर्म होता. तुर्की बोलणारे आनातोलियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला गेले आणि ग्रीक बोलणारे क्रेटचे मुसलमान तुर्कस्तानात. 'ग्रीक आणि तुर्क लोकांची अदलाबदल' असे लिहिले की ही माणसे हिशेबातूनच गळतात. इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान यांना सूट होती, हेही नोंदवा.

'लोझानचा तह १०० वर्षांचा होता' ही अफवा

२०२३ च्या आसपास हा मजकूर व्हॉट्सअॅपवर जोरात फिरला: तह संपणार, तुर्कस्तान जुने प्रदेश मागणार, बॉस्फरस-दार्दानेल्स सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांवर कर बसवणार. २४ जुलै १९२३ च्या तहात १४३ कलमे आहेत आणि तो १०० वर्षांनी संपेल असे एकही कलम त्यात नाही. सामुद्रधुनीची व्यवस्था तर २० जुलै १९३६ रोजी माँत्रोच्या करारानेच बदलली.

उलट बाजूची चूकही होते: लोझान झाला म्हणजे आजचा तुर्कस्तान तयार झाला असे धरणे. इस्केंदेरून आणि अंताक्या असलेला हाताय प्रांत तुर्कस्तानात आला १९३९ मध्ये. १९२३ च्या नकाशात हाताय फ्रेंच मँडेटखालच्या सीरियात दाखवा आणि मोसूलकडची सीमा तुटक रेघेने काढा.