जर्मनीतलं सेमिस्टर संपवताना या चुका टाळा

एक्स्चेंजवर जर्मनीला येणारी मुलं येताना सगळं नीट करतात, कारण व्हिसासाठी करावंच लागतं. गडबड होते ती जाताना. तुम्ही पुण्यात पोहोचून आईच्या हातचं जेवत असता आणि इथे तुमच्या नावाने हप्ते कापले जात असतात. तुम्ही देश सोडलात हे इथल्या एकाही कार्यालयाला आपोआप कळत नाही. प्रत्येकाला वेगळं कळवावं लागतं, आणि तेही ठरावीक क्रमाने. बहुतेक चुका या क्रमाच्याच असतात.

परतीचं तिकीट लेक्चरं संपायच्या तारखेवर

हिवाळी सेमिस्टर कागदावर 1 ऑक्टोबर ते 31 मार्च असतं. लेक्चरं फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात संपतात, आणि परीक्षा बहुतेक ठिकाणी त्यानंतर सुरू होतात. काही विषयांच्या तर मार्चमध्ये. लेक्चरं संपली की सुटलो असं धरून तिकीट काढणारे दर वर्षी भेटतात. परीक्षेची तारीख पक्की झाल्याशिवाय बदल न करता येणारं तिकीट घेऊ नका.

दुसरं म्हणजे, विषयाला नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेला नोंदवलं असं नसतं. परीक्षेची नोंदणी पोर्टलवर वेगळी करायची असते आणि तिची मुदत बऱ्याचदा परीक्षेच्या कितीतरी आठवडे आधी संपते. आपल्याकडे परीक्षा फॉर्म भरण्यात आयुष्य गेलेल्यांना हे सांगायची गरज नसावी, पण इथे नोटीस बोर्डापाशी घोळका नसतो की ‘अरे, फॉर्मची शेवटची तारीख आज आहे’ असं ओरडणारा मित्र नसतो.

रविवारचं विमान

खोलीचा ताबा परत देणं हा इथे रीतसर कार्यक्रम असतो. वसतिगृहाचा हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल बघणारा माणूस, येतो, खोली बघतो, यादी भरतो, तुमची सही घेतो. हे कामाच्या दिवशी, कार्यालयीन वेळेत. विमान रविवारी असेल तर शुक्रवारीच खोली सोडून दोन रात्री मित्राकडे काढायची तयारी ठेवा, आणि ताब्याची वेळ आधीच मागून घ्या. रविवारी दुकानंही बंद असतात, त्यामुळे ऐनवेळी चिकटपट्टी किंवा पांढरा रंग मिळणार नाही.

अनामत रक्कम, म्हणजे काउत्सिओन, कायद्याने मूळ भाड्याच्या तीन महिन्यांपर्यंत घेता येते. एवढी रक्कम अडकलेली असताना सफाई शेवटच्या रात्रीवर ढकलू नका. आपल्या मुलांच्या खोल्यांमध्ये तीन गोष्टी हमखास सापडतात. नळावर आणि शॉवरवर साचलेला क्षार, खिडकीच्या कडेची काळी बुरशी आणि स्वयंपाकाच्या ओट्यावरची हळद. क्षार व्हिनेगरने किंवा सायट्रिक अ‍ॅसिडने निघतो, पण तासभर भिजवून ठेवावं लागतं. हळदीचा डाग खरं तर उन्हात उडतो, पण फेब्रुवारीतल्या जर्मनीत ऊन आणणार कुठून! म्हणून ओट्याची सफाई आठवडाभर आधी सुरू करा. शेगडीमागच्या भिंतीवर फोडणीचं तेल उडालेलं असतं, तेही बघा. झाल्यावर प्रत्येक कोपऱ्याचा फोटो काढा. ताब्याच्या यादीत न समजणारी ओळ असेल तर सही करण्याआधी अर्थ विचारा. तिथे संकोच करू नका.

जुनी गादी, खुर्ची, भांडी रस्त्यावर ठेवून निघू नका. मोठ्या कचऱ्यासाठी पालिकेकडे वेगळी वेळ घ्यावी लागते, नाहीतर दंड होऊ शकतो. पुढच्या सेमिस्टरला येणाऱ्या मराठी मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात प्रेशर कुकर दहा मिनिटांत जातो.

बँक खातं सगळ्यात आधी बंद करणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. अनामत ताबडतोब मिळत नाही, काही महिने लागू शकतात. परताव्याच्या फॉर्मवर आयबॅन, म्हणजे बँक खात्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, मागतात आणि भारतातल्या खात्याला आयबॅन नसतो. म्हणजे जर्मन खातं बंद केलंत की पैसे यायची सोपी वाट बंद. खातं शेवटी बंद करा. बँकेचे कोड ज्या जर्मन सिमवर येतात ते सिमही तोवर चालू राहू द्या.

खरा क्रम सुरू होतो आबमेल्डुंगपासून. राहत्या पत्त्यावरची नोंद रद्द करणं हे काम घर सोडण्याच्या जास्तीत जास्त एक आठवडा आधी आणि सोडल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत करायचं असतं. प्रत्यक्ष जायचं असेल तर ब्युर्गरआम्टची, म्हणजे पालिकेच्या नागरिक कार्यालयाची, वेळ कितीतरी आधी घ्यावी लागते. बऱ्याच शहरांत पोस्टाने किंवा ऑनलाइनही होतं. मिळालेल्या दाखल्याचा स्कॅन जपून ठेवा, कारण पुढे सगळे तोच मागतात.

रेडिओ-टीव्हीचा शुल्क महिना 18.36 युरो, घरात टीव्ही असो वा नसो. हे बंद करायला हा दाखला लागतो, आणि कळवायला उशीर केलात तर मधल्या महिन्यांचे पैसे गेले असंच समजा. आरोग्य विम्याचा हप्ता थांबवायलाही सहसा हाच दाखला आणि विद्यापीठातून नाव काढल्याचा कागद लागतो. डॉयचलांडटिकेट, म्हणजे देशभरच्या स्थानिक बस-रेल्वेचा मासिक पास, स्वतंत्र घेतलं असेल तर ते शेवटच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत रद्द करा, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे जातील. 2026 च्या जानेवारीपासून ते 63 युरो आहे. व्हिसासाठी पैसे भरून ठेवलेल्या ब्लॉक्ड खात्यात शिल्लक असेल तर ती सोडवायला कोणता कागद लागेल हे इथे असतानाच विचारा.

विद्यापीठातून घाईने नाव काढणं

नाव काढल्यावर पोर्टल आणि विद्यापीठाचा ईमेल कधी बंद होईल सांगता येत नाही, आणि गुण तर नंतर लागतात. आधी जे उतरवता येईल ते उतरवून घ्या. अंतिम गुणपत्रिका कोणत्या ईमेलवर येणार हे आंतरराष्ट्रीय कार्यालयाला लेखी कळवा. गुणांसोबत श्रेणींचा तक्ताही मागा. जर्मनीत 1.0 सर्वोत्तम, 4.0 वर पास आणि 5.0 म्हणजे नापास. तक्ता नसेल तर आपल्या कॉलेजातला क्लार्क 1.3 हा आकडा बघून तुमच्याकडे फार करुणेने बघेल.

निवास परवाना संपल्यावर युरोप दर्शन

परवान्याची मुदत संपली की शेंगेनमध्ये फिरायला वेगळा व्हिसा हवा. रोम, प्राग जे काही बघायचं ते त्याआधी. लंडनमार्गे स्वस्त तिकीट मिळत असेल तर ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे पैसे भरण्याआधी तपासा.

पत्रांचीही सोय लावा. पत्रपेटीवरचं नाव निघालं की पत्रं पाठवणाऱ्याकडे परत जातात, आणि विम्याचा शेवटचा हिशोब, अनामतीचा तपशील हे अजूनही पोस्टानेच येतं. मागे राहणाऱ्या एखाद्या मैत्रिणीचा पत्ता सगळीकडे द्या, आणि तिला तुमच्या वतीने बोलता यावं म्हणून सही केलेलं फोलमाख्ट, म्हणजे अधिकारपत्र, निघण्याआधी तिच्या हातात ठेवा.