उन्हातल्या बागेसाठी दीर्घकाळ फुलणारी बहुवर्षायू झाडे कशी निवडावीत

दीर्घकाळ फुलणाऱ्या झाडांविषयी सल्ला मागितला की बहुतेक वेळा दहा-पंधरा नावांची यादी हातात पडते. ती यादी कोणत्या हवामानात बाग करणाऱ्याने केली आहे हे तीत लिहिलेले नसते, आणि एखादे झाड तिच्यात का आले आहे हेही कोणी सांगत नाही. वीस वर्षांहून अधिक काळ उन्हातले वाफे लावून, उपटून आणि पुन्हा लावून माझे मत असे झाले आहे की नावे पाठ करण्यापेक्षा झाड फुले कशी धरते हे ओळखायला शिकावे. एकदा ते जमले की अनोळखी झाडापुढे उभे राहिले तरी ते किती काळ फुलत राहील याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

आधी शब्द नीट समजून घ्यावा

रोपावरच्या चिठ्ठीत ‘बारमाही’ असे लिहिलेले असते, आणि खरेदी करणाऱ्याची पहिली फसगत तेथेच होते. झाड वर्षभर जगते, त्याची पाने वर्षभर हिरवी राहतात आणि त्याला वर्षभर फुले येतात या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चिठ्ठीवरचा तो एक शब्द तिन्हींसाठी वापरला जातो. शेवंती बहुवर्षायू आहे, पण तिचा बहर काही आठवड्यांचाच असतो. थंड प्रदेशातली पिओनी मानवलेल्या जागी कित्येक दशके जगते, तरी तिची फुले साधारण दोन आठवड्यांत आटोपतात. उलट झेंडू महिनोन्महिने फुलतो आणि हंगाम संपताच मरतो. म्हणून ‘हे बारमाही आहे का’ असे न विचारता ‘याला वर्षात सलग किती आठवडे फुले असतात आणि ती कोणत्या महिन्यांत असतात’ असे विचारावे.

ऊन मोजावे

जागेवर दिवसाला किमान सहा तास थेट ऊन पडत असेल तरच ती जागा ‘पूर्ण उन्हाची’ समजावी, आणि ही मोजणी वर्षातून दोनदा, सूर्य डोक्यावर असतो तेव्हा आणि तो खाली झुकलेला असतो तेव्हा, करावी.

कळी कोठून येते ते पाहावे

निवडीतला खरा अवघड भाग हा आहे, आणि मला तो समजायला चार वर्षे लागली. पहिल्या वाफ्यासाठी मी एका रोपवाटिकेतून एकाच फेरीत अठरा रोपे आणली. सगळी फुलांनी डवरलेली होती, रंगांची जुळवाजुळव मी तेथेच उभी राहून केली होती, आणि लावल्यानंतर तीन आठवड्यांत शेवटचे फूल गळून वाफा निव्वळ हिरवा झाला. पुढच्या वर्षी मी झाडे बदलली, पण निवडण्याची रीत तीच ठेवली. त्यानंतर मातीला दोष दिला आणि खत वाढवले. नत्र जास्त झाल्याने पाने मोठी आणि गडद झाली, फुले मात्र आणखी कमी झाली. चूक खताची नव्हतीच. मी दर वेळी बहराच्या शिखरावर असलेली झाडे उचलत होते, आणि शिखरावरून पुढे उतारच असतो.

सदाफुलीची एक फांदी हातात घेऊन वरून खाली पाहावी, म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते ध्यानात येईल. सर्वांत वर कोवळा शेंडा वाढत असतो. त्याच्या खाली पानांच्या बेचक्यात पीळ घातलेल्या बारीक कळ्या जोडीने बसलेल्या असतात, त्याखाली उमललेली फुले असतात, आणि आणखी एक-दोन पेरे खाली, जेथून फुले गळून गेली आहेत तेथे, सडपातळ जोडशेंगा उभ्या असतात. बोटभर लांबीच्या फांदीवर गेल्या महिन्याची, आजची आणि येत्या पंधरवड्याची फुले एकाच वेळी दिसतात. येथे फूल बेचक्यात येते आणि शेंडा मोकळा राहतो, त्यामुळे शेंडा वाढत आहे तोवर प्रत्येक नवे पेर नवी फुले घेऊन येते. घाणेरीही याच पद्धतीने फुलते. जास्वंदीचे फूल बहुतेक वाणांत एकच दिवस टिकते, तरीही झाड महिनोन्महिने फुललेले दिसते, कारण ते नव्या वाढीच्या बेचक्यांतून एकामागून एक कळी सोडत असते. एक फूल किती दिवस टिकते यावरून झाडाची पारख करू नये, असा माझा आग्रह त्यामुळेच आहे. थंड प्रदेशात हाच गुण गॉरा या बारीक दांड्यांच्या फुलझाडात दिसतो. तिची बारीक फुलदांडी टोकाला लांबत जाते आणि टोकाकडे नव्या कळ्या येत राहतात.

दुसऱ्या प्रकारच्या झाडांत कोंबाचा शेंडाच फुलोरा होतो आणि त्या कोंबाची वाढ तेथे संपते. एक्झोराचा गुच्छ असा टोकाला येतो. पुढचे फूल हवे असेल तर खालच्या पेरांतून नवे फुटवे निघून ते पक्के व्हावे लागतात. कर्दळीचा दांडा फुलून झाला की त्याचे काम संपते आणि पुढची फुले गड्ड्यातून वर येणाऱ्या नव्या कोंबांवर येतात. ही झाडे नाकारण्याचे कारण नाही, पण ती घेताना फुलांकडे न पाहता बुंध्याकडे पाहावे. तेथे निरनिराळ्या उंचीचे कोंब असतील तर एक संपताना दुसरा फुलावर येईल आणि मधला खंड जाणवणार नाही. सगळे कोंब एकाच उंचीचे असतील तर बहर एकदम येईल आणि एकदमच जाईल.

तिसरा प्रकार गेल्या वर्षीच्या जुन्या फांदीवर कळ्या तयार ठेवून त्या एका झटक्यात उमलवणाऱ्या झाडांचा आहे. तो बहर अतिशय सुंदर असतो, आणि त्यासाठी बागेत वेगळी जागा जरूर ठेवावी. ज्या वाफ्यात सतत फुले हवी आहेत तेथे मात्र ती झाडे लावू नयेत.

याच्या जोडीने आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: कळी धरण्यासाठी झाड कोणत्या इशाऱ्याची वाट पाहते? शेवंती आणि पॉइन्सेटिया रात्री लांबल्या की फुलावर येतात, आणि कितीही खतपाणी घातले तरी हा नियम मोडत नाहीत. हंगाम नसताना विक्रीला आलेली फुललेली शेवंती काळ्या कापडाखाली झाकून, तिला खोटी लांब रात्र दाखवून फुलवलेली असते. आपल्या वाफ्यात ती तशी फुलणार नाही. पिओनीसारख्या झाडांना हिवाळ्याचा पुरेसा गारठा मिळाल्याशिवाय कळ्याच येत नाहीत, म्हणून उष्ण प्रदेशात ती घेऊन पैसे आणि उमेद दोन्ही वाया घालवू नयेत. सदाफुली, घाणेरी, जास्वंद आणि पेंटास या झाडांचे फुलणे मुख्यतः ऊन, ऊब आणि चालू वाढीवर अवलंबून असते. ज्या झाडाचे फुलणे वाढीशी बांधलेले आहे तेच दीर्घकाळ फुलते.

रोपवाटिकेत माझी कसोटी आता ठरलेली आहे. एकाच रोपावर मिरीच्या दाण्याएवढी हिरवी कळी, रंग दाखवणारी कळी, उमललेले फूल आणि सुकलेल्या फुलाची खूण या चारही अवस्था मिळाल्या तरच ते रोप मी विचारात घेते. ओळीतली सगळी रोपे एकसारखी बुटकी आणि एकाच दिवशी उमलल्यासारखी फुललेली असतील तर मी मागे सरते, कारण कुंडीतली रोपे आटोपशीर दिसावीत म्हणून उत्पादक वाढ रोखणारी रसायने वापरतात आणि त्यांचा परिणाम ओसरल्यावर झाड आपल्या खऱ्या उंचीला जाते. शक्य असेल तर तीच ओळ महिनाभराने पुन्हा जाऊन पाहावी. दोन्ही वेळा फुललेली दिसली ती झाडे घ्यावीत, आणि घेताना त्यांतले सर्वांत कमी फुलांचे, सर्वांत जास्त फुटव्यांचे रोप उचलावे. विक्रेत्याला हे विचित्र वाटते. वाटू द्यावे.

बी धरण्याची सवय पाहावी

फूल बी तयार करण्यासाठी आहे, आणि बी भरू लागले की बऱ्याच झाडांना पुढच्या कळ्या धरण्याची निकड उरत नाही. म्हणून ज्या वाणांना बी धरत नाही ते वाण बहुधा अधिक काळ फुलतात. थंड प्रदेशातला ‘रोझान’ हा निळा जिरॅनियम याचे उत्तम उदाहरण आहे. हा संकर वांझ आहे आणि उन्हाळ्याच्या आरंभापासून कडक थंडी पडेपर्यंत फुलतो. 2008 साली पेरेनियल प्लँट असोसिएशन या बहुवर्षायू झाडांच्या अमेरिकी संघटनेने त्याला वर्षातील झाड म्हणून निवडले आणि 2013 साली लंडनमधल्या चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनात त्याला शतकातील झाडाचा मान मिळाला. घाणेरीच्या बाबतीत वांझ वाण निवडणे हे बागेबाहेरच्या जमिनीसाठीही आवश्यक आहे, कारण तिची फळे पक्षी खातात, बी दूरवर पसरते आणि जगातील सर्वांत उपद्रवी आक्रमक वनस्पतींत तिची गणना होते. हिरवी-काळी फळे झुबक्याने लागलेली घाणेरी कितीही फुललेली असली तरी ती घरी आणू नये.

दुहेरी पाकळ्यांची फुले अनेकदा बी धरत नाहीत आणि जास्त टिकतात, पण पावसात ती भिजून जड होतात, कुजतात, आणि मधमाश्यांना त्यांच्यातून फारसे काही मिळत नाही. मी एकेरी फुलेच निवडते आणि सुकलेली फुले कात्रीने काढण्याचा त्रास पत्करते. गेलार्डिया आणि कोरिऑप्सिस यांना ही छाटणी लागतेच, आणि ती करताना नुसती सुकलेली मुंडी न खुडता खालच्या निरोगी पानापर्यंत देठ कापावा. सदाफुलीची फुले आपोआप गळतात, त्यामुळे ज्याला वेळ नाही त्याने तीच लावावी.

निचरा

उन्हात वाढणारी यांतली बहुतेक झाडे कोरड्यापेक्षा तुंबलेल्या पाण्याने मरतात. सदाफुलीची मुळे तर दोन-चार दिवसांच्या दलदलीत सडतात. फूटभर खोल खड्डा पाण्याने भरावा, एकदा जिरू द्यावा आणि पुन्हा भरावा. दुसऱ्या वेळचे पाणी रात्रभरानंतरही तसेच उभे असेल तर वाफा जमिनीपासून वीतभर उंच बांधावा किंवा तेथे कर्दळ लावावी, कारण तिला ओल चालते. गॉरा आणि गेलार्डिया यांना सकस, चिकण मातीत घालू नये; हलक्या, मुरमाड मातीत ती जास्त जगतात.

जुळणी

एका वाफ्यात चार-पाच जातींपेक्षा जास्त गर्दी करू नये, आणि प्रत्येक जातीची तीन तरी रोपे एकत्र लावावीत. उष्ण प्रदेशात मी मागे जास्वंद आणि प्लंबॅगो, मध्ये पेंटास आणि पुढे सदाफुली अशी रचना सुचवेन. जेथे हिवाळ्यात बर्फ पडते तेथे रोझान, ‘वॉकर्स लो’ ही नेपेटा, ‘मूनबीम’ कोरिऑप्सिस आणि हंगामाच्या उत्तरार्धासाठी ‘गोल्डस्टर्म’ रुडबेकिया यांवर डोळे झाकून विसंबावे. नेपेटाचा पहिला बहर ओसरताच ती निर्दयपणे निम्म्यावर कापावी. मी पहिल्यांदा कापली तेव्हा झाड मारल्यासारखे वाटले होते, पण काही आठवड्यांत ती पुन्हा निळी झाली.

लावल्यानंतर

लावणी नेहमीप्रमाणे संध्याकाळी करून भरपूर पाणी द्यावे. त्यानंतर लहान रोपांवरच्या सगळ्या फुलांसह शेंडे खुडून टाकावेत. हे करताना हात अडखळतो, तरीही करावे, कारण खुडलेल्या प्रत्येक शेंड्याखाली दोन फुटवे येतात आणि नव्या वाढीवर फुलणाऱ्या झाडात फुटव्यांची संख्या दुप्पट होणे म्हणजे फुलांच्या जागा दुप्पट होणे. खत हलके आणि समतोल द्यावे, नत्राचा मारा करू नये.

प्रत्येक जातीचे पहिले आणि शेवटचे फूल कोणत्या तारखेला दिसले ते कॅलेंडरवर लिहून ठेवावे. पहिले वर्ष मुळे धरण्यात जाते, म्हणून त्यावरून निकाल लावू नये. दुसऱ्या वर्षीही जे झाड सलग बारा आठवडे फुलले नाही ते मी त्या वाफ्यातून काढून दुसरीकडे लावते आणि रिकाम्या जागी कसोटीला उतरलेल्या शेजाऱ्याची फांदी खोचते. सदाफुली, पेंटास आणि प्लंबॅगो ही तिन्ही फांदीवरून सहज लागतात.