तेलाच्या पिशवीतून तुर्कस्तान

एमएच्या दुसऱ्या वर्षी कलिन्याला, मुंबई विद्यापीठात, प्रबंधाचा विषय लिहून दिला: ‘बहुध्रुवीय जगातील उदयोन्मुख मध्यम सत्तांचे परराष्ट्र धोरण’. मध्यम सत्ता म्हणजे महासत्ता नसले तरी वजन राखून असलेले देश. मॅडमनी ‘सत्तांचे’खाली रेघ ओढली. “कोणत्या? कुठल्या वर्षी?” मी गप्प. परराष्ट्र धोरणाच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांची गाडी बहुधा इथेच अडते.

माझी सुटली ती स्वयंपाकघरात. मार्च 2022, रशिया-युक्रेन युद्ध नुकतंच पेटलेलं. लालबागच्या वाण्याकडून सूर्यफूल तेलाची पिशवी घेऊन आई आली ती तेलाच्या वाढलेल्या दराच्या नावाने बोटं मोडतच. आपल्याकडचं बरंचसं सूर्यफूल तेल तेव्हा युक्रेनहून यायचं, काळ्या समुद्रातून. त्या समुद्राचं दार, बॉस्फरस आणि दार्दानेल्स या दोन सामुद्रधुन्या, तुर्कस्तानच्या ताब्यात. झालं, देश मिळाला.

त्या दाराचे नियम 1936 च्या माँत्र करारात आहेत. मूळ करारच वाचा, त्याच्यावरचे लेख नंतर. कलमं 29, करी रोड ते कुर्ला जाता-येता माझी दोन दिवसांत संपली. तरी पहिल्या खर्ड्यात मी ठोकून दिलं, ‘तुर्कस्तानने सामुद्रधुन्या बंद केल्या.’ मॅडमनी समासात लिहिलं: ‘मग व्यापारी जहाजं?’ बंदी होती लढणाऱ्या देशांच्या युद्धनौकांना, त्यातही आपल्या तळावर परतणाऱ्यांना सूट. या एका प्रश्नापायी अख्खं प्रकरण पुन्हा लिहिलं.

आणि तेव्हा कुठे मजा यायला लागली. तुर्कस्तानचा कारभार पाहा: युक्रेनला ड्रोन विकायचे, रशियाकडून गॅस घ्यायचा, तिच्यावर निर्बंध घालायचे नाहीत आणि जुलै 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांबरोबर दोघांचा धान्य निर्यातीचा करार इस्तंबूलमध्ये घडवून आणायचा. वर्षभरात रशिया त्यातून बाहेर पडली, ते वेगळं.

‘सामरिक स्वायत्तता’, म्हणजे कुठल्याही गटाला बांधून न घेता आपले निर्णय आपणच घेणं, हा शब्द आपल्याकडे फुकट मिळाल्यासारखा वापरतात. तुर्कस्तान 1952 पासून नाटोत, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी आघाडीत. 2019 मध्ये रशियाची एस-400 ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतली आणि अमेरिकेने त्याला एफ-35 विमानांच्या कार्यक्रमातून काढून टाकलं. म्हणून वहीत प्रत्येक निर्णयासमोर मी दोनच रकाने ठेवले: काय मिळालं, काय मोजलं. दुसरा भरायला जास्त वेळ लागतो, पण तोंडी परीक्षेत प्रश्न त्याच्यावरच आले.

भारत निवडणार असाल तर रशियन कच्च्या तेलापासून सुरुवात करा. पहिला रकाना पटकन भरेल. दुसऱ्यात निदान एक नोंद तयार आहे: ऑगस्ट 2025, या तेलापायी भारतीय मालावर लागलेलं अमेरिकेचं 25 टक्के जादा आयातशुल्क.