घरून विभागाच्या नेटवर्कमध्ये: वायरगार्ड व्हीपीएन उभारताना

चतुर्थीला गोव्यातल्या ताळगावच्या पठारावरचा आमचा विद्यापीठातला विभाग रिकामा होतो, सर्व्हरवरचं काम मात्र चालूच असतं. संशोधक विद्यार्थी कुणी काणकोणला, कुणी वाळपईला, कुणी पेडण्याला आपापल्या घरी. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळं-रानफळांची सजावट) बांधून झाली की प्रत्येकाला एकदा तरी बघायचं असतं, सर्व्हरवर लावलेलं आपलं गणित पुढे सरकलं की मध्येच थांबलं. एवढ्यासाठी दिवाडीच्या मुलीने भर पावसात फेरीबोट धरून यावं हे मला पटत नाही. विभागाची संगणक प्रयोगशाळा मी सांभाळते. मुलांना घरून नीट आणि सुरक्षित काम करता आलं पाहिजे, ही मी माझी जबाबदारी मानते. आम्ही त्यासाठी वायरगार्ड वापरतो. हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर आहे: घरच्या लॅपटॉपपासून विभागाच्या नेटवर्कपर्यंत इंटरनेटमधून कुलूपबंद बोगदा काढून देणारं. छोटा विभाग सांभाळणाऱ्या कुणालाही ते उभारता येतं. सॉफ्टवेअर बसवायला फार वेळ लागत नाही. डोकं लागतं ते पत्ते ठरवायला, पॅकेटला (नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याला) परतीची वाट द्यायला, आणि कुणी कुठपर्यंत जायचं ते ठरवायला. म्हणून इथे त्या तिन्हींवरच जास्त लिहिते.

मुळात व्हीपीएन हवा आहे का

फक्त जर्नल वाचायची असतील तर नको. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांसाठीच्या केंद्राची इन्फेड ही सोय त्यासाठीच आहे. आपली संस्था तिची सभासद असेल तर संस्थेचं लॉगिन वापरून घरून जर्नल उघडतात. ईमेललाही व्हीपीएन लागत नाही. तो लागतो विभागाच्या आतच राहणाऱ्या गोष्टींसाठी: गणनेचा सर्व्हर, फाइल सर्व्हर, सॉफ्टवेअरच्या परवान्यांचा सर्व्हर.

काही जण सोपा मार्ग म्हणून राउटरवर ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट (यंत्रात शिरायचं क्रमांकाचं दार) थेट इंटरनेटला उघडून देतात. हे कधीही करू नका. मे २०१९ मध्ये ब्लूकीप नावाची त्रुटी उघड झाली. विंडोज ७ आणि त्याआधीच्या यंत्रांत तिच्यामुळे पासवर्डशिवायही बाहेरून शिरता येत होतं. मायक्रोसॉफ्टने तेव्हा एक्सपीसारख्या आधार संपलेल्या आवृत्तीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली, यावरून काय ते समजा. उघडा पोर्ट दिवसरात्र कुणीतरी चाचपत असतं. वायरगार्डची गोष्ट वेगळी आहे. ओळखीची की (किल्ली म्हणून वापरायची लांब अक्षरमाला) नसलेल्याला तो उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेसुद्धा कळत नाही.

आधी संगणक केंद्राकडे

विभागप्रमुखांच्या सहीने अर्ज द्या आणि नेमक्या तीन गोष्टी मागा. एक, बाहेरून दिसणारा कायमचा पत्ता. दोन, त्या पत्त्यावरचा एक यूडीपी पोर्ट (यूडीपी ही पॅकेटं पाठवण्याची एक पद्धत; वायरगार्डच्या उदाहरणांत सहसा ५१८२० असतो) तुमच्या व्हीपीएनच्या यंत्राकडे वळवणं. तीन, विभागाचा राउटर केंद्राच्या ताब्यात असेल तर त्यात एक परतीचा मार्ग. तो का लागतो ते खाली येईल. परवानगी न घेता विभागाच्या यंत्रावर दूरनियंत्रणाचं कुठलंतरी ॲप टाकून ठेवलं, तर फायरवॉल सांभाळणाऱ्यांना न कळता एक दार उघडं राहतं. उद्या काही झालं तर कोण आत आलं होतं हे कुणालाच सांगता येणार नाही.

पत्ते

इथे घाई करू नका. घरोघरीच्या राउटरचं नेटवर्क बहुधा १९२.१६८.०.० किंवा १९२.१६८.१.० असतं. विभागाचं नेटवर्कही तेच असेल, तर विद्यार्थ्याचा लॅपटॉप विभागाचा सर्व्हर शोधायला जातो आणि घरातल्याच प्रिंटरला विचारत बसतो. नवं नेटवर्क आखायची संधी असेल तर १० ने सुरू होणाऱ्या पट्ट्यातला कमी वापरातला तुकडा घ्या. उदाहरणादाखल, विभागाला १०.४७.४.०/२४ (म्हणजे फक्त शेवटचा आकडा बदलत जाणारा पट्टा) आणि व्हीपीएनला वेगळा १०.४७.९०.०/२४. दोन्ही एकच ठेवायचे नाहीत.

विभागाचा जुना पट्टा बदलणं शक्य नसेल, तर लॅपटॉपच्या बाजूला सगळा पट्टा न लिहिता फक्त हव्या त्या सर्व्हरचा एकेक पत्ता /३२ (म्हणजे तेवढा एकच पत्ता) लावून लिहा. जास्त नेमका मार्ग आधी निवडला जातो, त्यामुळे तेवढीच पॅकेटं बोगद्यातून जातात आणि घरचं बाकी नेटवर्क तसंच राहतं. घरात नेमक्या त्याच पत्त्यावर राउटर किंवा दुसरं काही असेल, तर मात्र घरच्या राउटरचा पट्टा बदलावा लागतो.

सर्व्हर

व्हीपीएनच्या सर्व्हरसाठी भारी यंत्र नको. प्रयोगशाळेतून बाजूला काढलेला, पण डिस्क आणि वीजपुरवठा धड असलेला पीसी चालतो. त्यावर उबुंटू सर्व्हर (लिनक्सचा एक प्रकार) टाका. मार्च २०२० मध्ये आलेल्या ५.६ आवृत्तीपासून वायरगार्ड लिनक्सच्या गाभ्यातच आहे, त्यामुळे फक्त त्याची साधनं बसवायची. कॉन्फिगरेशनची फाइल रूट या मुख्य वापरकर्त्याखेरीज कुणालाही वाचता येणार नाही अशी ठेवा, कारण त्यात सर्व्हरची प्रायव्हेट की, म्हणजे कीजच्या जोडीतली गुप्त की, असते. सेवा यंत्राबरोबर आपोआप सुरू होईल असं करा, आणि सुरक्षेचे अपडेटही आपोआप बसू द्या.

फाइलीत वर सर्व्हरचा स्वतःचा भाग येतो: प्रायव्हेट की, व्हीपीएनमधला पत्ता (१०.४७.९०.१) आणि ऐकायचा पोर्ट. खाली प्रत्येकाच्या प्रत्येक यंत्रासाठी एक पीअर (जोडल्या जाणाऱ्या यंत्राची नोंद), त्यात त्याची पब्लिक की (जोडीतली, दुसऱ्याला द्यायची की) आणि अलाउड आयपीज (बोगद्यातून जाऊ द्यायचे पत्ते) म्हणून त्याला दिलेला एकच पत्ता, /३२ लावून. दोन पीअरना चुकून एकच पत्ता दिला तर तो नंतरच्याकडे जातो आणि पहिल्याचं कनेक्शन कारण न सांगता मुकं होतं. म्हणून पत्त्यांची वही हवीच. आमच्या वहीत नाव, यंत्र, दिलेला पत्ता, पब्लिक की, सुरू केल्याची तारीख आणि संपायची तारीख असते.

प्रत्येकाची की त्याच्याच लॅपटॉपवर

सगळ्यांच्या कीज स्वतः बनवून मेलने पाठवायचा मोह होतो, कारण काम भराभर उरकतं. तसं करू नका. प्रायव्हेट की ज्या यंत्रावर तयार झाली तिथून बाहेर पडता कामा नये. विंडोजच्या वायरगार्ड ॲपमध्ये 'ॲड एम्प्टी टनेल' निवडलं की कीजची जोडी तिथेच तयार होते आणि पब्लिक की समोर दिसते. विद्यार्थ्याने तेवढीच पाठवायची. व्हॉट्सॲपवर पाठवली तरी हरकत नाही. ती ४४ अक्षरांची असते आणि शेवटी बरोबरचं चिन्ह असतं. कॉपी करताना नेमकं तेच चिन्ह गळतं, तेव्हा आधी ते पाहा, मग फोनवर शेवटची चार-पाच अक्षरं वाचून घ्या. लॅपटॉप आणि मोबाइल दोन्हींवर हवं असेल तर दोन वेगळ्या जोड्या आणि दोन वेगळे पत्ते.

लॅपटॉपवरच्या फाइलीत इंटरफेसच्या भागात त्याला दिलेला पत्ता, आणि पीअरच्या भागात सर्व्हरची पब्लिक की, एंडपॉइंट म्हणून विद्यापीठाचा बाहेरचा पत्ता आणि पोर्ट. अलाउड आयपीजमध्ये विभागाचा आणि व्हीपीएनचा पट्टा, एवढंच. तिथे ०.०.०.०/० (म्हणजे सगळेच पत्ते) लिहिलं तर त्या लॅपटॉपवरचा सगळा व्हिडिओसुद्धा विभागातून फिरून येतो आणि सगळ्यांचीच गती बसते. पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारं छोटं पॅकेट दर किती वेळाने पाठवायचं ते) २५ सेकंद ठेवा. मोबाइल कंपन्यांचं नेटवर्क शांत पडलेली जोडणी विसरून जातं.

गेलं, पण परत आलं नाही

सर्वांत जास्त अडतं ते इथे. ॲपमध्ये हँडशेक (दोन्ही बाजूंनी एकमेकांची की ओळखणं) झालेला दिसतो, व्हीपीएनच्या सर्व्हरला पिंगही जातो, पण गणनेचा सर्व्हर काही बोलत नाही. पहिली गोष्ट म्हणजे व्हीपीएनच्या यंत्रावर आयपी फॉरवर्डिंग (आलेलं पॅकेट पुढच्या यंत्राकडे देणं) सुरू आहे का ते पाहा. लिनक्समध्ये ते मुळात बंद असतं. ते सुरू असूनही उत्तर येत नसेल तर परतीचा विचार करा. गणनेच्या सर्व्हरला १०.४७.९०.५ कडून पॅकेट मिळालं. हा पत्ता कुठे आहे हे त्याला ठाऊक नाही, म्हणून तो उत्तर नेहमीच्या गेटवेकडे (बाहेरची वाट सांभाळणाऱ्या राउटरकडे) देतो, आणि गेटवेलाही ठाऊक नसल्याने ते तिथेच टाकून दिलं जातं.

उपाय दोन. एक तर विभागाच्या राउटरमध्ये लिहा की १०.४७.९०.० कडे जाणारं सगळं व्हीपीएनच्या यंत्राकडे द्यावं. किंवा व्हीपीएनच्या यंत्रावर मास्करेड लावा, म्हणजे आत जाणारं प्रत्येक पॅकेट त्या यंत्राच्याच नावाने जाईल. दुसरा उपाय लगेच जमतो, राउटरला हात लावावा लागत नाही. तरी मी पहिल्याच्या बाजूची आहे. मास्करेडमध्ये फाइल सर्व्हरच्या नोंदींत सगळेजण एकाच पत्त्याचे दिसतात, मग कुणाकडून फाइल पुसली गेली हे शोधायला जागाच राहत नाही.

कुणी कुठपर्यंत

लॅपटॉपवरचे अलाउड आयपीज ही सुरक्षा आहे असं पुष्कळांना वाटतं. ती फाइल विद्यार्थ्याच्या हातात असते, तो तिथे काहीही लिहू शकतो. खरी अडवणूक व्हीपीएनच्या यंत्रावरच्या फायरवॉलने करायची: आधी सगळं बंद, मग एकेक वाट उघडायची. विद्यार्थ्याच्या पत्त्याला गणनेच्या सर्व्हरचा २२ क्रमांकाचा पोर्ट (एसएसएचचा, म्हणजे दुरून सुरक्षित लॉगिन करायचा). शिक्षकांना त्याशिवाय फाइल सर्व्हरचा ४४५ (फाइली उघडायचा). परवान्यांचा सर्व्हर फ्लेक्सएलएम या परवाने सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालणारा असेल तर २७००० हा एकच पोर्ट पुरत नाही. त्याच्या व्हेंडर डीमनचा (सॉफ्टवेअरच्या कंपनीने दिलेल्या, मागे चालत राहणाऱ्या प्रोग्रामचा) पोर्ट परवान्याच्या फाइलीत ठरवून द्या, नाहीतर प्रत्येक वेळी तो वेगळा निघतो आणि काल चाललेलं आज चालत नाही. कॅम्पसबाहेरून वापरायला परवान्याच्या अटी मोकळीक देतात का, हेही वाचून घ्या.

उपकरणांना जोडलेल्या संगणकांकडे व्हीपीएनमधून कुणालाही जाऊ देऊ नका, मागणारे कितीही ज्येष्ठ सर असोत. त्यांतले बरेच अजून विंडोज ७ वर असतात; त्या आवृत्तीचा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, आणि उपकरणाचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालत नाही म्हणून ते बदलताही येत नाहीत. त्यांचं व्हीलॅन (त्याच तारांवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) वेगळं ठेवावं आणि मोजमापांच्या फाइली तिथून फाइल सर्व्हरवर ढकलाव्यात. घरून फाइल सर्व्हर पाहिला की काम होतं.

नोंदींचंही बघा. वायरगार्ड फक्त शेवटचा हँडशेक कधी झाला ते सांगतो, मागचा इतिहास ठेवत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत नोंदी १८० दिवस जपायला आणि घड्याळं जुळवून ठेवायला सांगितलं आहे. ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायची अट व्हीपीएन विकणाऱ्यांसाठी आहे, संस्थेच्या अंतर्गत व्हीपीएनसाठी नाही. फायरवॉलला प्रत्येक नव्या जोडणीची नोंद करायला लावलं की काम भागतं.

तपासणी

कॅम्पसच्या वायफायवरून तपासू नका, तिथून काहीच सिद्ध होत नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट लावा. हँडशेकच होत नसेल तर की चुकली की पोर्ट बंद, हे वायरगार्ड सांगत नाही. सर्व्हरवर पॅकेट पोचतंय का ते टीसीपीडंप या पॅकेटं दाखवणाऱ्या साधनाने पाहा: पोचत असेल तर की तपासा, नसेल तर संगणक केंद्राला फोन. लॅपटॉपचं घड्याळही पाहा. त्याची तारीख मागे गेली असेल तर सर्व्हर हँडशेक जुना समजून नाकारतो. घड्याळाची बॅटरी संपलेल्या जुन्या लॅपटॉपवर हे होतं.

लॉगिन होतं पण मोठी फाइल मध्येच अडकते, असं झालं तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) कमी करा. वायरगार्ड सहसा १४२० धरतो. मोबाइल डेटावर १२८० ठेवलं की बहुतेक अडथळे सुटतात. हॉटेल किंवा एखाद्या कार्यालयाच्या वायफायवर यूडीपीच बंद असेल तर वायरगार्ड चालणार नाही. तिथे मोबाइल डेटा वापरावा, किंवा विभागात टीसीपी ४४३ वर (सुरक्षित वेबसाइट वापरतात त्या पोर्टवर) ओपनव्हीपीएन हा दुसरा व्हीपीएनही उभा ठेवावा.

सगळ्यांना एक सवय लावा: व्हीपीएनवरून फाइल सर्व्हरवरची मोठी फाइल थेट उघडून काम करायचं नाही. एसएसएचने सर्व्हरवर जायचं, तिथे टीमक्सच्या सत्रात (लॉगिन तुटलं तरी चालू राहणाऱ्या) काम लावायचं, आणि फक्त निकाल घरी आणायचा. घरची वीज गेली तरी सर्व्हरवरचं काम चालू राहतं.

विभागातल्या विजेचीही तजवीज हवी. व्हीपीएनचं यंत्र यूपीएसवर असतं, पण मधला नेटवर्क स्विच भिंतीवरच्या साध्या प्लगवर राहतो. तोही यूपीएसवर घ्या. बायोसमध्ये वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होण्याची सोय असते, ती लावून ठेवा. पावसाळ्याआधी, मे महिन्यातच, एकदा मुद्दाम वीज तोडून सगळं आपोआप उभं राहतं का ते बघावं.

की काढून घेणं

प्रबंध सादर होऊन तोंडी परीक्षा झाली की वहीतली संपायची तारीख बघून त्या विद्यार्थ्याचा पीअर काढून टाका. लॅपटॉप हरवला तर रात्रीच कळवायला सांगा, सकाळपर्यंत थांबायचं नाही. फाइलीतून तो भाग काढून वायरगार्डची सिंककॉन्फ ही आज्ञा चालवली की बदल लगेच लागू होतो आणि बाकीच्यांची कामं तुटत नाहीत. हे करता येणारा दुसरा माणूस विभागात असू द्या, आणि वहीची एक प्रत विभागप्रमुखांच्या कपाटात.